फ्यूज का उडाला नाही?

2024 सालच्या आषाढातली गोष्ट आहे. रात्रभर पाऊस लागला होता. पहाटे आमच्या शेजारचे आबा धार काढायला गोठ्याकडे गेले. पाहतात तो म्हैस आडवी पडलेली. गोठ्याला लोखंडी खांब, वर पत्रा, आणि म्हशीची साखळी खांबालाच अडकवलेली. आबा पुढे धावणार, तेवढ्यात मागून सुनेने हाक मारली, "मामंजी, थांबा! खांबाला हात लावू नका!" तिने आधी घरात जाऊन मेन स्विच बंद केला. मग कुठे आबा गोठ्यात शिरले. त्या एका हाकेने आबा वाचले. म्हैस मात्र गेली होती. चांगली दुभती म्हैस होती.

सुनेला कसे कळले? आदल्या संध्याकाळी शेण काढताना खांबाला हात लागून तिला झिणझिण्या आल्या होत्या. तिने ते सासूबाईंना सांगितलेही होते. "ओलीनं होतं तसं," असे म्हणून दोघींनी सोडून दिले.

दिवस उजाडल्यावर कारण सापडले. गोठ्यात दिवा लावण्यासाठी घरातून एक वायर ओढली होती. ती पत्र्याच्या कडेवरून गेली होती. वाऱ्याने हलून हलून पत्र्याच्या धारेवर तिचे कव्हर कापले गेले होते. आतली तार पत्र्याला टेकली. पत्र्यातून वीज खांबात, खांबातून साखळीत, आणि साखळीतून म्हशीच्या अंगात उतरली.

हे सगळे समजले. पण आबांनी आम्हाला एक प्रश्न विचारला.

"गुरुजी, वायर कापली, करंट उतरला, म्हैस मेली. मग फ्यूज का उडाला नाही? त्यासाठीच असतो ना तो?"

आम्ही छत्तीस वर्षे मुलांना शिकवले. पण या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. घरात फ्यूज आहे म्हणजे भीती नाही, असे आम्हीही समजत होतो.

आमचा एक जुना विद्यार्थी वायरमन आहे. त्याच्याजवळ सरकारी परवाना आहे. शाळेत तो गणितात कच्चा होता. तसा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर आम्हीच लिहिला होता. त्या विद्यार्थ्याने आता आम्हाला आणि आबांना ओट्यावर बसवून विजेचे गणित समजावून सांगितले. ते जसे ऐकले तसेच येथे सांगतो.

तारेतून वीज किती वाहते ते अँपियर या मापाने मोजतात. एका अँपियरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाला मिलिअँपियर म्हणतात. नाव जरा अवघड आहे. पण किलो आणि ग्रॅम आपल्याला ठाऊक आहेत. हजार ग्रॅमचा एक किलो, तसा हजार मिलिअँपियरचा एक अँपियर.

घरातला 9 वॅटचा एलईडी दिवा पाहा. तो 40 मिलिअँपियर किंवा त्याहून थोडी अधिक वीज घेतो. म्हणजे आपल्या मापाने 40 ग्रॅम. आता ऐका. माणसाच्या अंगातून 10 मिलिअँपियरच्या पुढे वीज गेली, की हाताची मूठ आवळली जाते. तार सोडायची म्हटले तरी सुटत नाही. आणि तो दिवा जितकी वीज घेतो तितकी वीज छातीतून काही क्षण गेली, तर काळजाचे ठोके बिघडून माणूस मरू शकतो.

आणि फ्यूज केव्हा उडतो? दिव्यांचा साधा फ्यूज 5 अँपियरचा असतो. म्हणजे 5 किलोचा. त्याहून बराच जास्त भार आला, म्हणजे त्यातली तार वितळते.

"गुरुजी," आमचा विद्यार्थी म्हणाला, "बाजारसमितीत पोती मोजायचा काटा असतो. त्याच्यावर चिमूटभर साखर टाकली तर काटा हलेल का? फ्यूज हा पोत्यांचा काटा आहे. माणूस मरतो तो चिमटीनं."

म्हशीच्या अंगातून फार तर एखादा अँपियर वीज गेली असेल. तेवढ्याने फ्यूजला काय होणार? जनावराला तर चपलाही नसतात. चारही पाय ओल्या जमिनीवर. वीज अंगात शिरायला आणि जमिनीत उतरायला त्याच्याइतकी सोपी वाट दुसरी नाही. म्हणून गोठ्यात विजेचे काम घरापेक्षाही नीट हवे. आपण करतो उलटे. घरात चांगली वायर आणि उरलेले तुकडे जोडून गोठ्यात.

मग फ्यूज हवा तरी कशाला, असे आबांनी विचारले. फ्यूज हवाच. तो घरातल्या तारा जळू नयेत म्हणून असतो. तारेत तिच्या ताकदीबाहेर वीज वाहिली तर तार तापते, कव्हर वितळते आणि आग लागते. ते होण्याआधी फ्यूजमधली बारीक तार स्वतः वितळून वीज तोडते. पण त्यासाठी ती तार बारीकच हवी. आबांचा फ्यूज उघडून पाहिला. आत वायरीच्या पाच-सहा पदरांना पीळ देऊन घातलेला. तो फ्यूज 5 अँपियरला काय, 50 ला तरी उडाला असता की नाही कोण जाणे!

"सारखा उडायचा हो," आबा म्हणाले. "म्हणून पोराने जाड घातली."

तेव्हा आम्ही ठरवले, की आळीतल्या सगळ्या घरांचे बोर्ड एकदा पाहून घ्यावे. दोन रविवार आम्ही आणि आमचा विद्यार्थी घरोघर फिरलो. बोर्ड तो उघडी. आम्ही बॅटरी धरायचो आणि वहीत लिहायचो.

पहिले घर आमचेच घेतले. दुसऱ्याला सांगण्याआधी आपले पाहावे म्हणून. विद्यार्थ्याने मेन स्विच बंद करून फ्यूज बाहेर काढला आणि काही न बोलता आमच्या हातावर ठेवला. आत तसलीच जाड तार होती. ती आम्हीच घातली होती. उन्हाळ्यात एकदा रात्री फ्यूज गेला, दुकान बंद होते, म्हणून 'तात्पुरती' घातली. त्याला चार वर्षे झाली होती.

एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्या गावात वीज आली ती 1972 च्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी. तेव्हा घरात दिवे असत दोन. एक माजघरात, एक ओसरीवर. तेवढ्यापुरत्या बारीक तारा लाकडी पट्टीवरून ओढल्या होत्या. कितीतरी घरांत त्याच तारा अजून आहेत. आणि आता त्यांच्यावर पंखा आहे, टीव्ही आहे, मिक्सर आहे, फ्रीज आहे. पाणी तापवायचा रॉड आहे.

कोणती वस्तू किती वीज घेते ते काढणे सोपे आहे. वस्तूवर वॅटचा आकडा लिहिलेला असतो. त्याला 230 ने भागा, कारण आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची असते. येईल तो आकडा अँपियरचा. रॉड 1500 वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपियर. 2000 वॅटची विजेची शेगडी, म्हणजे जवळजवळ नऊ. सकाळी दोन्ही एकदम लावली की पंधरा अँपियर झाले. दोन दिव्यांसाठी ओढलेल्या तारेवर पंधरा अँपियर! बैलगाडीवर ट्रकचा माल चढवल्यासारखे आहे. तेव्हा फ्यूज उडतो तो बरोबरच उडतो. त्याचे तोंड बंद करायचे नसते. जड वस्तूंसाठी वेगळी जाड तार आणि वेगळा फ्यूज घ्यायचा असतो.

काही घरांत आता फ्यूजऐवजी खटक्यांची पेटी आली आहे. त्या खटक्याला एमसीबी म्हणतात. भार वाढला की तो आपोआप खाली पडतो. तार बदलायला नको, खटका वर केला की झाले. चीज चांगली आहे. पण एका घरी 16 अँपियरचा खटका सारखा पडतो म्हणून तिथे 32 चा बसवला होता. तार तीच, जुनी. पेटी नवी असली तरी खोड जुनीच होती म्हणायची.

बोर्डाच्या जागाही पाहण्यासारख्या होत्या. एका घरी मोरीच्या भिंतीवर बोर्ड. मागून ओल आलेली, चुन्याला पोपडे सुटलेले आणि त्यावरच मीटर. दुसरीकडे बोर्डाखाली कडब्याच्या पेंढ्या छतापर्यंत रचलेल्या. एक बोर्ड उघडला तर आत गांधीलमाशांचे पोळे! आमचा विद्यार्थी ओसरीवरून खाली उडी मारून पळाला, आम्ही त्याच्या मागे. लाकडी बोर्डाला वाळवी लागलेली तर दोन घरांत निघाली.

सैल स्क्रूचा दोष पुष्कळ ठिकाणी होता. तो डोळ्यांना लवकर दिसत नाही. जुन्या तारा बहुधा ॲल्युमिनियमच्या असत. त्या स्क्रूखाली हळूहळू सैल पडतात. सैल सांधा तापतो. बटणाभोवती तपकिरी डाग पडतो, जळका वास येतो, कधी बारीक चुर्रर्र असा आवाज येतो. दिवा मिणमिणतो. असे दिसले तर थापट मारून दिवा लावू नका. आम्हीसुद्धा मारत होतो.

आता अर्थिंगविषयी सांगतो. येथे आम्हाला सर्वांत जास्त वाईट वाटले.

प्लगला तीन पिना असतात. वरची पिन जाड आणि लांब असते. तिला हिरवी तार जोडलेली असते. त्या तारेतून एरवी वीज वाहत नाही. मग ती कशाला? समजा, फ्रीजच्या आत तार सुटली आणि पत्र्याला टेकली. तर ती वीज माणसाची वाट न पाहता हिरव्या तारेतून थेट जमिनीत जावी, यासाठी ती असते. बाहेर खोल खड्डा घेऊन त्यात लोखंडी नळी पुरतात. भोवती कोळसा आणि मीठ घालतात. उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात, कारण कोरडी जमीन वीज नीट ओढून घेत नाही. ही झाली अर्थिंग.

घरोघर काय दिसले? कुठे हिरवी तार कापून टाकलेली. कुठे ती नळाला बांधलेली. पूर्वी नळ लोखंडी होते, आता पाइप प्लॅस्टिकचा आहे, मग वीज जाणार कुठे? कुठे तीन पिनांचा प्लग दोनच भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून वरची पिन मोडून टाकलेली.

आणि एक प्रकार असा, की तो पाहून आमच्या विद्यार्थ्याने कपाळाला हात लावला. घरात दोन तारा येतात. लाल तारेतून वीज येते आणि काळ्या तारेतून परत जाते. काळी तार तुटली की दिवे जातात. तेव्हा काही जण काळीच्या जागी अर्थिंगची तार जोडतात आणि 'अर्थिंगवर' दिवे लावतात. पंप चालवणाऱ्यांत ही युक्ती फार. दिवा लागतो खरा. पण मग घराची सगळी वीज हिरव्या तारेतून जमिनीत जाते. खड्डा कोरडा पडला किंवा ती तार मध्ये कुठे सुटली, तर घरातल्या प्रत्येक वस्तूचा पत्रा जिवंत होतो. जी तार माणसाला वाचवायची, तिच्यातूनच मरण येते. असे कोणी केले असेल तर आजच सोडवून घ्या. उद्यावर टाकू नका.

दुसऱ्या रविवारी विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, शाळेचाही पाहूया का?" शाळेत हल्ली बाई मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी आनंदाने किल्ली दिली.

आम्ही मुख्याध्यापक असताना शाळेची वायरिंग नवी झाली होती. बिलात 'अर्थिंगचा खड्डा, नग 1' असे लिहिले होते. त्या बिलावर आमची सही आहे. खड्डा आम्ही पाहिला नव्हता. विद्यार्थी हिरव्या तारेचा माग काढत इमारतीच्या मागे गेला. भिंतीतून तार बाहेर आली होती. वीतभर लांब होती. तिला वेटोळे घालून वर सिमेंटचा बोळा मारला होता. पुढे काही नाही. खड्डा नाही, नळी नाही. तिथून दहा पावलांवर पाण्याची टाकी आणि मोटरीचा खटका. तिथे मुले रोज हात धुतात. इतकी वर्षे काही झाले नाही, हे मुलांचे नशीब. त्यात आमचे काही कर्तृत्व नाही. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा खड्डा खणला. मीठ आणि कोळसा आम्ही नेऊन दिला. या वेळी शेवटची माती पडेपर्यंत आम्ही तिथे उभे होतो.

पण अर्थिंग चांगली असली तरी जमीन खडकाळ असेल तर पुरेशी वीज जमिनीत जात नाही आणि फ्यूज उडत नाही. शिवाय कोणी उघड्या तारेलाच हात लावला, तर अर्थिंग काय करणार? मग माणसाला वाचवणारे काही आहेच की नाही, हा आबांचा प्रश्न उरतोच.

आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. दुकानात काही जण अजून ईएलसीबी म्हणतात. दिसायला तो एमसीबीसारखाच, पण जरा रुंद असतो. काम मात्र अगदी निराळे आहे. धनगर सकाळी मेंढरे सोडताना मोजतो आणि संध्याकाळी परत आली की पुन्हा मोजतो. एक कमी भरले तरी त्याला कळते. हे यंत्र तसेच करते. लाल तारेतून किती वीज गेली आणि काळ्या तारेतून किती परत आली, हे ते सारखे ताडून पाहते. मधे 30 मिलिअँपियर जरी दुसरीकडे कुठे गेली, म्हणजे कोणाच्या अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत गेली, तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ते वीज तोडते. पोत्यांचा काटा नव्हे, हा सोनाराचा काटा आहे. घरासाठी घेताना 30 मिलिअँपियरचाच मागा आणि आयएसआयची खूण पाहून घ्या. 100 चे आणि 300 चेही मिळतात, पण ते माणसासाठी पुरे पडत नाहीत. साधारण दीड-दोन हजार रुपयांत काम होते. आबांनी लगेच म्हशीची किंमत सांगितली. आम्ही गप्प बसलो.

याची एक मर्यादाही सांगून ठेवतो. कोणी एका हाताने लाल आणि दुसऱ्या हाताने काळी तार धरली, तर मेंढरे बरोबरच भरतात. गेली तितकी परत आली. मग यंत्राला काही कळत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर उघड्या तारेशी खेळ नको. आणि जास्त भाराचे काम त्याचे नाही. त्यासाठी फ्यूज किंवा एमसीबी सोबत हवाच.

आमच्या आळीत एकाच घरात हे यंत्र आधीपासून होते. मालक पुण्याला नोकरीला असतात, त्यांनी बसवलेले. आम्हाला बरे वाटले. पण उघडून पाहिले तर दोन्ही तारा यंत्राला वळसा घालून बाहेरून जोडलेल्या. आजी म्हणाल्या, "पावसाळ्यात सारखं पडायचं मेलं. टीव्ही बघू द्यायचं नाही. एका पोराला सांगून बाजूला काढलं." विद्यार्थ्याने शोध घेतला. मोरीतल्या प्लगमध्ये पाणी झिरपत होते. आजी रोज त्याच प्लगला रॉड लावून पाणी तापवत होत्या. यंत्र पावसाळाभर ओरडून सांगत होते, आणि आपण त्याचेच तोंड बंद केले. प्लग बदलला, जागा बदलली, यंत्र पुन्हा जोडले. नंतर ते एकदाही पडले नाही.

आता चार गोष्टी तुम्ही स्वतः करू शकाल अशा सांगतो. बोर्ड उघडायचा तो परवाना असलेल्या वायरमननेच. कारण मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या तारांत वीज असतेच. तसेच, काळ्या तारेवर फ्यूज असेल आणि तो गेला, तर घरातले दिवे विझतात पण लाल तारेत वीज राहते. म्हणून दिवा विझला म्हणजे वीज गेली असे धरून चालू नका. पण पाहणे, हुंगणे आणि ऐकणे आपल्या हातात आहे. बोर्डाखालचा कडबा आणि पोती आजच हलवा. कपडे वाळत घालायला लोखंडी तार असेल तर ती काढून नायलॉनची दोरी बांधा. मेन स्विच कुठे आहे आणि कसा बंद करायचा, हे घरातल्या बायकांना आणि जाणत्या मुलांना दाखवून ठेवा. आबांच्या सुनेला ते ठाऊक होते म्हणून पुढचे टळले.

कोणी विजेला चिकटले तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला किंवा तारेला दूर सारा. पण रस्त्यावर किंवा शेतात खांबावरची तार तुटून पडली असेल तर लाकूड घेऊनही जवळ जाऊ नका. लोकांना आणि गुरांना लांब ठेवा, आणि वीज कंपनीला कळवा. लाइन बंद झाली असे ते सांगेपर्यंत कोणाला जवळ जाऊ देऊ नका.

आणि नळाला, पत्र्याला, खांबाला किंवा ओल्या भिंतीला हात लावून झिणझिण्या आल्या, तर ते ओलीमुळे नव्हे. वीज गळते आहे. तेव्हाच मेन बंद करून वायरमनला बोलवा.

आबांच्या घरी गणपतीच्या आधी नवी पेटी बसली. गोठ्याची वायर प्लॅस्टिकच्या नळीतून नेली. नव्या यंत्रावर एक लहान बटण असते, त्यावर 'टी' हे इंग्रजी अक्षर लिहिलेले असते. ते दाबले की यंत्र पडले पाहिजे. पडले नाही तर ते बिघडले असे समजून बदलायचे. ही परीक्षा महिन्यातून एकदा घ्यायची. आमच्या विद्यार्थ्याने आबांना ते दाबायला सांगितले. आबा मागे सरले. "मी नाही बा," म्हणाले. मग सूनबाई पुढे आल्या. पदराला हात पुसून कोरडे केले आणि बटण दाबले. खट् आवाज झाला आणि सगळे घर अंधारले. त्यांनी खटका पुन्हा वर केला. आता दर महिन्याला विजेचे बिल आले, की सूनबाई आधी बटण दाबून पाहतात आणि मग बिलाच्या पाठीवर तारीख लिहून ठेवतात.